शब्द, कागद आणि करार

मराठीत 'करार' हा शब्द दोन ठिकाणी ठळकपणे छापलेला आढळतो. एक पवित्र शास्त्रात, जुना करार आणि नवा करार या दोन भागांच्या मथळ्यांवर. आणि दुसरा मुद्रांकाच्या कागदावर, घर भाड्याने देताना, सदनिका विकत घेताना किंवा भागीदारीत धंदा सुरू करताना. पहिला आपण श्रद्धेने ऐकतो आणि उभे राहून त्याला 'आमेन' म्हणतो. दुसरा मात्र चार जाणत्यांना दाखवून, वकिलाचा सल्ला घेऊन आणि प्रत्येक ओळीवर शंका काढूनच आपण सही करतो. शब्द एकच, पण त्याच्याशी वागण्याच्या आपल्या तऱ्हा मात्र अशा दोन. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध आहे काय, की तो केवळ भाषेचा योगायोग आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

'करार' हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. स्थैर्य, ठरलेपणा, न हलणारी गोष्ट असा त्याचा आशय आहे. 'मुक्रर' हा शब्द त्याच धातूपासून आलेला त्याचा सख्खा भाऊ. हिंदीतील बायबलमध्ये त्याच जागी 'वाचा' हा शब्द योजलेला आढळतो. एका भाषेने बोललेल्या शब्दावर भर दिला, तर आपल्या भाषेने ठरून गेलेल्या गोष्टीवर. माणूस बोलतो आणि मग आपल्या बोलण्याला बांधला जातो, या एकाच व्यवहाराच्या या दोन बाजू आहेत.

परंतु माणूस किती बांधला जातो? समोरच्याने शब्द मोडला तरीही? शब्द भीतीपोटी दिला असेल, किंवा फसवून घेतलेला असेल, तरीही? आणि शब्द पाळण्याची किंमत कोणी मोजायची? हे प्रश्न केवळ पंडितांचे नाहीत. नवराबायको, भाऊबहिणी, म्हातारे आईबाप आणि कर्ती मुले यांच्यामध्ये, आपल्या प्रत्येक धर्मग्रामात, ते रोज उभे राहतात.

कायद्याची नजर

प्रथम कायद्याकडे वळू. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. दीडशे वर्षे उलटून गेली, तरी आपले बहुतेक व्यवहार आजही त्याच्याच आधाराने चालतात. या कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक कबुली म्हणजे करार नव्हे. ती देणारे सज्ञान आणि शहाणे असावेत, त्यांची संमती मोकळी असावी, देण्याच्या बदल्यात काही घेणे असावे आणि उद्देश कायदेशीर असावा, तेव्हाच न्यायालय त्या कबुलीच्या पाठीशी उभे राहते. जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, लबाडी किंवा खोटी माहिती यांतून मिळवलेली संमती मोकळी मानली जात नाही, आणि ज्याच्याकडून ती अशी काढून घेतली त्याला करार रद्द करता येतो. दोघांपैकी एकाने करार मोडला, तर दुसऱ्याला नुकसानभरपाई मागता येते.

यात हिशेबीपणा आहे, म्हणून त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. कायद्याने हा हिशेब ठेवला नसता, तर ज्यांची एकमेकांशी ओळखदेख नाही अशी माणसे एकमेकांशी व्यवहार करूच शकली नसती. परक्यावर विश्वास ठेवण्याची सोय कायदा करून देतो, आणि ही काही लहान सेवा नव्हे. पुन्हा, हा कायदा अगदीच कोरडा आहे असेही नाही. मोबदल्यावाचून केलेली कबुली सामान्यतः निरर्थक ठरवणारा हाच कायदा एक अपवाद मान्य करतो. जवळच्या नात्यातील माणसाने स्वाभाविक प्रेमापोटी लेखी आणि नोंदणी करून दिलेली कबुली तो खरी मानतो. प्रेमालाही कायद्याच्या दारात जागा आहे. फक्त त्याने कागद घेऊन यावे, एवढीच अट आहे.

भारतीय ख्रिस्ती विवाह कायदाही त्याच १८७२ सालचा. धान्याच्या पोत्यांचा सौदा आणि वधूवरांची शपथ, या दोहोंचे नियम एकाच वर्षी लिहिले गेले. दोन्हीकडे संमती लागते. तरीसुद्धा लग्न हा सौदा नव्हे असे आपण म्हणतो. का म्हणतो, हे समजण्यासाठी पवित्र शास्त्राकडे जावे लागते.

कापलेला करार

हिब्रू भाषेत कराराला 'बरीथ' म्हणतात, आणि करार 'करण्या'साठी तेथे जे क्रियापद येते, त्याचा अर्थ आहे 'कापणे'. प्राचीन काळी करार करणारे जनावरे कापून त्यांचे दोन भाग समोरासमोर मांडीत आणि त्यांच्यामधून चालत जात. शब्द मोडला तर माझीही गत या जनावरासारखी होवो, असा त्या चालण्याचा अर्थ होता.

उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्रामने अशीच जनावरे कापून मांडली. आता दोघांनी चालायचे. पण सूर्य मावळतीला गेला, अब्रामला गाढ झोप लागली, आणि धुमसणारी शेगडी व जळती मशाल त्या तुकड्यांमधून निघून गेली. शेगडी आणि मशाल ही परमेश्वराच्या सान्निध्याची चिन्हे. म्हणजे त्या वाटेवरून परमेश्वर एकटाच चालला. अब्राम चाललाच नाही. मोडलेल्या शब्दाचा शाप सर्वसमर्थाने स्वतःच्या शिरावर घेतला, आणि ज्याचा शब्द उद्या डळमळणार होता, त्याला झोपू दिले.

सीनाय पर्वतावरचा करार याहून वेगळा. तेथे लोकांनाही होकार द्यावा लागला. १९५४ साली जॉर्ज मेंडेनहॉल या अमेरिकन अभ्यासकाने दाखवून दिले, की त्या कराराची घडण प्राचीन हित्ती सम्राटांच्या मांडलिक राजांशी झालेल्या तहांशी मिळतीजुळती आहे. आरंभी सम्राटाचे नाव, मग त्याने पूर्वी केलेल्या उपकारांचे कथन, मग अटी, मग कागद मंदिरात ठेवण्याची आणि वेळोवेळी वाचण्याची आज्ञा, साक्षीदार, आणि शेवटी आशीर्वाद व शाप. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात हाच क्रम दिसतो. दहा आज्ञांपूर्वी परमेश्वर आपण कोण हे सांगतो आणि मिसरच्या दास्यातून आपण या लोकांना बाहेर काढले, याची आठवण देतो. आधी मुक्ती, नंतर आज्ञा. ज्यांच्या पायांतल्या बेड्या तुटल्या आहेत, अशांनाच परमेश्वर कराराला बोलावतो. बेडीतल्या माणसाचा होकार त्याला नको आहे.

या क्रमाचे मोल कळण्यासाठी आपल्या किनाऱ्याचाच इतिहास पाहावा. वसईच्या नावाने इतिहासात दोन तह प्रसिद्ध आहेत. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली, ती हुमायूनच्या स्वारीचे संकट डोक्यावर असताना. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला, तोही यशवंतराव होळकरांकडून पराभव झाल्यावर, पुणे सोडून आश्रयाला आलेला असताना. इंग्रजांची सहा हजार फौज पदरी घेऊन तिच्या खर्चासाठी त्याने २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. पुढच्याच वर्षी मराठ्यांशी इंग्रजांचे युद्ध पेटले आणि १८१८ साली पेशवाई संपली. दोन्ही तहांवर सह्या होत्या, शिक्के होते, साक्षी होत्या. परंतु बुडणाऱ्याने ओंडक्याला मिठी मारावी, तशा त्या सह्या होत्या. एकाची भीती हे दुसऱ्याचे भांडवल झाले. असे तह राजकारणात होतात आणि पुढेही होतील. पण सीनायच्या करारात बलवानाने दुर्बलाच्या भीतीवर व्यापार केलेला नाही.

अंगठा आणि शब्द

येथे एक अवघड गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. 'दिल्या शब्दाला जागावे' ही शिकवण थोर आहे, पण ती दुबळ्याच्या गळ्यातला फासही होऊ शकते.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, वसईपासून फार दूर नसलेल्या डोंगरपट्ट्यात, वारली आणि इतर आदिवासींमध्ये 'लग्नगडी' हा शब्द रूढ होता. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडी रक्कम उचलायची आणि त्या बदल्यात त्याच्याकडे राबायचे. व्याज फिटत नसे, मुद्दल सरत नसे, आणि पुष्कळदा बायकोही नवऱ्याबरोबर त्याच वेठीला जुंपली जाई. १९४५ साली वारल्यांनी याविरुद्ध लढा उभारला. गोदावरी परुळेकरांच्या लेखनातून तो मराठी वाचकांना ठाऊक आहे. पुढे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची सगळी बंधने आणि कर्जे देशभर रद्द झाली. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने याच्याही पुढे पाऊल टाकले. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर माणसाला राबवणे हीसुद्धा राज्यघटनेने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरी होय, कारण भूक आणि गरज यांचे दडपण हेही एक प्रकारचे बळच असते, असा त्या निर्णयाचा आशय होता.

अंगठा तर त्या वारल्याने स्वतःच उठवला होता. मग त्याने शब्द मोडला असे म्हणायचे काय? मुळीच नाही. त्याच्याकडून शब्द घेतलाच गेला नव्हता. त्याची गरज तेवढी लिहून घेतली होती.

पवित्र शास्त्रही शब्दाचे असे अंधळे स्तोम माजवीत नाही. शास्ते या पुस्तकात इफ्ताहची कथा आहे. विजय मिळाला तर घरातून जे प्रथम सामोरे येईल त्याचे अर्पण करीन, असा नवस त्याने केला, आणि सामोरी आली त्याची एकुलती एक मुलगी. संत थॉमस अक्वायनस यांनी संत जेरोम यांच्या आधाराने त्याचा निवाडा केला आहे: नवस करताना इफ्ताह मूर्ख ठरला आणि तो फेडताना अधर्मी. हेरोदानेही मेजवानीत शपथ घेतली, पाहुण्यांसमोर शब्द जाऊ नये म्हणून ती पाळली, आणि योहान बाप्तिस्ताचे शिर तबकात आले. दोन्ही कथांत शब्द देणारा एक आणि त्याची किंमत मोजणारा दुसराच आहे. ज्या शब्दाची किंमत तिसऱ्याच निरपराध माणसाला मोजावी लागते, तो शब्द पाळण्यात धर्म नाही.

फसवून घेतलेला शब्द

आणखी एक कथा याहूनही विचार करायला लावते. यहोशवाच्या नवव्या अध्यायात गिबोनकर फाटके कपडे, झिजलेल्या वहाणा आणि बुरशी आलेल्या भाकरी घेऊन इस्राएलाकडे आले आणि आपण दूरदेशीचे आहोत असे सांगून त्यांनी अभयाचा करार मिळवला. तीन दिवसांत लबाडी उघडकीस आली. ती माणसे शेजारचीच निघाली. आजच्या आपल्या करार कायद्याप्रमाणे फसवलेल्या पक्षाला असा करार सरळ रद्द करता आला असता. इस्राएलच्या वडीलधाऱ्यांनी तो रद्द केला नाही. गिबोनकरांना लाकूडतोडे आणि पाणके म्हणून सेवेला लावले, हे खरे. पण त्यांचा जीव राखला. इतकेच नव्हे, पुढे पाच राजे गिबोनावर चालून आले, तेव्हा यहोशवा त्यांच्या रक्षणासाठी धावून गेला. पिढ्यान्‌पिढ्या लोटल्यावर शौल राजाने तो शब्द मोडून गिबोनकरांची कत्तल केली, आणि दाविदाच्या काळात पडलेल्या तीन वर्षांच्या दुष्काळाचे कारण शास्त्राने हेच सांगितले आहे.

दुसरीकडे ख्रिस्तसभेचा विवाहविषयक कायदा काय म्हणतो, तेही पाहावे. संमती मिळवण्यासाठी जोडीदाराने मुद्दाम लबाडी केली असेल, आणि वैवाहिक जीवन मुळापासून विस्कटून टाकणारी एखादी गोष्ट लपवली असेल, तर तो विवाह मुळात झालाच नाही, असे १९८३ च्या कायद्यातील १०९८ वे कलम सांगते. मग गिबोनकरांच्या लबाडीने करार तुटत नाही आणि वराच्या किंवा वधूच्या लबाडीने विवाह बाद ठरतो, हे कसे?

आमच्या मते याचे उत्तर लबाडीच्या मोजमापात सापडणार नाही. करार मोडला तर कोण चिरडले जाणार आणि करार टिकला तर कोण चिरडले जाणार, हे पाहिले म्हणजे दोन्ही निवाड्यांची दिशा एकच असल्याचे ध्यानी येते. गिबोनकर लबाड होते, पण दुर्बल होते. करार मोडला असता तर ते जिवाला मुकले असते. तो पाळण्यात इस्राएलाचे नुकसान झाले ते अभिमानाचे आणि काही गावांचे. विवाहातील फसवणुकीत मात्र फसवला गेलेलाच दुर्बल असतो, आणि बंधन कायम ठेवण्याचा सगळा भार जन्मभर त्याच्याच पाठीवर पडतो. पहिल्या ठिकाणी बळकटाला शब्द पाळायला सांगितले आहे आणि दुसऱ्या ठिकाणी दुबळ्याला मोकळे केले आहे. अब्रामाच्या कथेत शेगडी आणि मशाल एकटीच चालली, त्यामागेही हेच तत्त्व आहे. कराराचा भार प्रथम त्याने उचलायचा, ज्याच्या अंगी बळ आहे.

यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात या तत्त्वाची उलटी बाजू दिसते. शत्रूचा वेढा पडला, तेव्हा यरुशलेमच्या धनिकांनी वासराचे दोन भाग करून, त्यांमधून चालून, आपल्या हिब्रू दासदासींना मुक्त करण्याचा करार केला. वेढा सैल होताच त्यांनी तीच माणसे पुन्हा दास्यात ओढली. संदेष्ट्याच्या तोंडून परमेश्वराचा जो कोप तेथे प्रकट होतो, तसा फार थोड्या ठिकाणी आढळतो.

उंबऱ्याच्या आत

आता हीच कसोटी आपल्या घरी लावून पाहू.

१९१७ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात विवाहाचा उल्लेख व्यवहारातील कराराला जो लॅटिन शब्द आहे, त्याच शब्दाने केलेला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, 'फेदुस' हा शब्द पुढे आणला. परमेश्वराने आपल्या प्रजेशी केलेल्या करारासाठी लॅटिन बायबलमध्ये येणारा हा शब्द. १९८३ च्या कायद्याने तो स्वीकारला. जुना शब्द हद्दपार केला नाही. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात तो आजही आहे. हे योग्यच झाले. विवाहात वस्तूंची देवघेव नाही, दोन माणसे स्वतःलाच देतात, म्हणून तो 'फेदुस'. पण ती देणगी मोकळ्या संमतीने दिलेली असावी, आणि त्या संमतीची जागा जगातील कोणतीही सत्ता घेऊ शकत नाही, म्हणून कराराची शिस्तही तिला हवीच.

परंतु विवाह हा अतूट करार आहे, हे वाक्य आपण कोणाला ऐकवतो? बहुधा मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला. दारू पिऊन हात उगारणाऱ्या जावयाला ते ऐकवायला आपण क्वचितच जातो. वास्तविक ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ११५३ वे कलम सांगते, की जोडीदारामुळे स्वतःच्या किंवा मुलांच्या शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्याला तेवढे कारण पुरेसे आहे. करार तोडला कोणी? घर सोडले तिने नव्हे. ज्याने हात उगारला, त्याने तो तेव्हाच तोडला. इफिसकरांस पत्रात पतीपुढे ठेवलेला आदर्श आपल्या मंडळीसाठी स्वतःला अर्पण करणाऱ्या ख्रिस्ताचा आहे. म्हणजे तेथेही भार प्रथम बळकटावरच आहे. क्षमा करण्याचा, परत येण्याचा, वाट पाहण्याचा अधिकार त्या मुलीला आहे. तिने त्याचा उपयोग केला तर ती कृपा होय. पण कृपा कोणाकडून वसूल करता येत नाही.

दुसरे उदाहरण जमिनीचे. भारतीय वारसा कायदा १९२५ सालचा. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती आईबापांच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांना तो सारखाच वाटा देतो. तरीही सातबाऱ्यावर पुष्कळदा भावांचीच नावे राहतात, कारण बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केलेल्या असतात. भावाच्या प्रेमापोटी बहिणीने वाटा सोडला, तर त्यात वावगे काही नाही. तो तिचा मोठेपणा आहे. पण त्या सहीपूर्वी तिला जमिनीचा भाव कोणी सांगितला होता काय? 'नाही' म्हटले तर माहेरचे दार बंद होईल, ही धास्ती तिच्या मनात नव्हती काय? 'आपल्या आपल्यात कागद कशाला?' आणि 'नुसती सही तर करायची आहे!' ही दोन्ही वाक्ये एकाच घरात, एकाच तोंडातून निघतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. देण्याची वेळ आली की कागद नको असतो, आणि घेण्याची आली की तयार असतो.

तिसरे उदाहरण वृद्धांचे. हयातीतच घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देणारे आईबाप पुष्कळ. २००७ साली ज्येष्ठ नागरिकांसाठी झालेल्या कायद्याने त्यांना एक आधार दिला. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. आईच्या दोन घासांसाठी कागदावर अट लिहावी लागावी, याची खंत अनेकांना वाटते. ती वाटावीच. परंतु ती अट लिहून द्यायला ज्या मुलाला संकोच वाटतो, त्याने मनाशी विचार करावा. जे करायचेच आहे, ते लिहून देण्यात कमीपणा कसला?

बवाज वेशीवर जातो

रूथच्या पुस्तकात आपल्याला याचा उत्तम नमुना मिळतो. पती वारल्यावर रूथवर सासूचे कसलेच बंधन उरले नव्हते. नामीने दोन्ही सुनांना स्वतःहून मोकळे केले. अर्पा सासूचे चुंबन घेऊन माहेरी परतली, आणि शास्त्राने तिला एका शब्दानेही दोष दिलेला नाही. रूथ मात्र मागे फिरली नाही. कायद्याचे सगळे बंधन जेथे संपले, तेथून तिचा करार सुरू झाला. आणि तो तिने स्वतः केला, कोणी तिच्याकडून करवून घेतला नाही.

आता बवाज काय करतो ते पाहा. या परक्या, निराधार विधवेवर त्याचे मन बसले होते. तो गावातला प्रतिष्ठित, जमीनजुमला असलेला माणूस. त्याच्या तोंडी शब्दावर रूथ विसंबून राहिली असती. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी तो गावाच्या वेशीवर गेला, दहा वडीलधाऱ्यांना बसवून घेतले, अधिक जवळच्या नातेवाइकाला त्याचा हक्क विचारला, त्या काळच्या रीतीप्रमाणे पायातील वहाण काढून देण्याचा विधी पुरा केला आणि सर्वांना साक्षी ठेवून रूथ आणि नामी यांची जबाबदारी स्वीकारली. त्याचे प्रेम कायद्याहून मोठे होते, म्हणूनच त्याला कायद्याचा संकोच वाटला नाही. बळकटाने आपले प्रेम लिहून द्यावे, चारचौघांत कबूल करावे, म्हणजे दुबळ्याला रोज त्याची याचना करावी लागत नाही.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत यासाठी जो शब्द आला आहे, 'दियाथेके', त्याचा एक अर्थ मृत्युपत्र असाही होतो. जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी दोन समान पक्षांच्या तहाला वापरला जाणारा रूढ शब्द बाजूला ठेवून हा शब्द निवडला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात याच दुहेरी अर्थाचा आधार घेऊन म्हटले आहे, की मृत्युपत्र करणारा मेल्यावरच ते अमलात येते. पवित्र मिस्सेत धर्मगुरू प्याला उंचावतात, तेव्हा ज्या नव्या कराराचा उच्चार होतो तो हाच. कापलेल्या तुकड्यांमधून एकट्याने चालत जाणाऱ्याने आपल्या चालण्याचा अर्थ तेथे पुरा केला. मोडला होता आपण. शाप सोसला त्याने.

त्या प्याल्यापुढे दर रविवारी उभ्या राहणाऱ्या कुटुंबाने एक साधी गोष्ट करता येईल. अनुवादाच्या एकतिसाव्या अध्यायात मोशेने आज्ञा दिली होती, की दर सात वर्षांनी, कर्जमाफीच्या वर्षी, करार सगळ्यांसमोर वाचून दाखवावा; पुरुष, स्त्रिया, मुले आणि गावातला परका, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आपल्याही घरांत लग्नाचे, वाटणीचे, सांभाळाचे, घरकामाला येणाऱ्या बाईच्या पगाराचे, असे कितीतरी करार आहेत. काही लेखी, बहुतेक तोंडी. ते अधूनमधून काढून पुन्हा वाचावेत. आणि वाचून झाल्यावर घरातील जो सर्वांत कर्ता, ज्याच्या हातात किल्ल्या आणि कागद आहेत, त्याने ज्याच्या हातात काहीच नाही त्याला विचारावे: यातले तुला जड काय जाते? उत्तर यायला वेळ लागेल, कारण हा प्रश्न त्या माणसाला आजवर बहुधा कोणी विचारलेला नसेल. तोवर थांबावे.